पान उलटून पाहा

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेला माणूस कुमाऊँच्या ओकच्या जंगलात शिरला की पहिला तासभर चाचपडतो. आपल्या रानात साग, ऐन, पळस, काटेसावर लांबूनही ओळखू येतात. इथे मात्र चहूकडे करडी खोडं, चामड्यासारखी जाड पानं, दातेरी कडा, आणि सगळ्यांवर तीच काळपट हिरवी छाया. सह्याद्रीत ओकची एकही जात मूळची नाही, त्यामुळे नजरेला आधार सापडत नाही. माणूस झाडं पाहायचं सोडतो आणि झाडांच्या फटीतून बर्फाची शिखरं शोधू लागतो.

अशा वेळी थांबायचं, वाटेवर पडलेलं एक पान उचलायचं आणि ते उलटायचं. पाठ पांढुरकी, मऊ लव असलेली निघाली, तर तो बांज. शास्त्रीय नावातला ‘ल्युकोट्रायकोफोरा’ हा शब्द तेच सांगतो : पांढरे केस धारण करणारा. पाठ आणि पोट दोन्ही हिरवंगार, गुळगुळीत असलं तर तिलोंज, ज्याला काही ठिकाणी मोरू म्हणतात. आणि पाठीवर तांबूस, गंजासारखी झाक असली तर खर्सू. पण खर्सू भेटायला आणखी उंच जावं लागतं, मुनस्यारीच्या वरच्या उतारांवर किंवा तुंगनाथच्या वाटेवर. त्याची आणखी एक खूण आहे : कोवळ्या रोपाची आणि खालच्या फांद्यांची पानं काटेरी असतात, शेंड्याकडची बहुधा बिनकाट्यांची. चरणाऱ्या जनावराचं तोंड जिथवर पोचतं, तिथवर झाड हत्यार बाळगून असतं. हे तीन ओक ओळखता आले की हिमालयाचा हा मधला पट्टा अर्धा वाचता येतो, असं मी अनुभवाने सांगतो. कारण ते उंचीप्रमाणे एकावर एक रचलेले आहेत. बांज साधारण १,५०० ते २,२०० मीटर, त्याच्या वर तिलोंज, आणि २,४०० मीटरच्या पुढे खर्सू. हातात उंची मोजायचं यंत्र नसलं तरी पानाची पाठ अंदाज देते.

हे प्रकरण मी बिनसरच्या वाटेवर बेतलं आहे. अल्मोड्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेलं हे अभयारण्य १९८८ साली जाहीर झालं. ते लहानसं आहे, ५० चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि त्याचा माथा २,४१२ मीटर उंच आहे. त्या माथ्याला झीरो पॉइंट म्हणतात. हवा स्वच्छ असेल तर तिथून ७,८१६ मीटरची नंदादेवी, त्रिशूळ आणि पंचाचूली दिसतात. बहुतेक पर्यटक तेवढ्यासाठी येतात आणि वाटेतलं जंगल भरभर ओलांडतात. मला ते पटत नाही. शिखरं हॉटेलच्या गच्चीवरूनही दिसतात. जंगलाला मात्र पायांनीच भेटावं लागतं.

खालून चढताना सुरुवात चीडच्या झाडांपासून होते. ते पायांनाच आधी कळतं, कारण वाळलेल्या सुयांवरून बूट सटकतो. या सुयांच्या थराला इथे पिरूल म्हणतात. एक जुडगा उचलून मोजा. तीन सुया एका म्यानात असल्या तर चीड. वरच्या थंड भागात पाच सुयांचा जुडगा मिळाला तर तो कैल. देवदाराच्या सुया आखूड आणि ताठ असतात, आणि फांदीवर झुपक्यांनी येतात. चीडच्या खोडावर पुष्कळ ठिकाणी तिरप्या खाचा आणि त्याखाली टांगलेली वाटी दिसते. तो लीसा, म्हणजे राळ, गोळा करण्याचा उद्योग. राळेने भरलेलं लाकूड आणि जमिनीवर पिरूलचा गालिचा, त्यामुळे उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते. १३ जून २०२४ रोजी बिनसरच्या वणव्यात वनखात्याचे चार कर्मचारी आग विझवायला गेले असताना होरपळून गेले. चीडच्या रानातून जाताना ते मनात ठेवून चालावं, आणि काडेपेटी खिशातून बाहेर काढू नये.

चीड संपून बांज सुरू होतो तो बदल त्वचेला कळतो. हवा गार होते, पायाखाली सुयांऐवजी कुजलेल्या पानांचा मऊ थर येतो, दगडांवर शेवाळ दिसू लागतं. वळणावर एखादा नौला लागतो. नौला म्हणजे दगडांनी बांधलेला, पायऱ्यांचा, छप्पर घातलेला झरा. गावकरी ठामपणे सांगतात की बांजाच्या मुळाशी थंड पाणी असतं. पानांचा कुजलेला थर स्पंजासारखा पाऊस धरून ठेवतो, हे तर हात खुपसून पाहता येतं.

आता थोडं आपल्या घरचं. मराठी माणूस या जंगलात अगदीच परका नसतो, हे मला उशिरा समजलं. त्याच्या ओळखीची मंडळी इथे आहेत, फक्त त्याने त्यांना मसाल्याच्या डब्यातच पाहिलेलं असतं. खालच्या ओलसर नाळीत एक मध्यम उंचीचं झाड दिसेल. पानाच्या देठापासून निघून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा हेरा आणि पान चुरगाळून वास घ्या. हे तमालपत्र. पुलावात घालतो तेच, इथे त्याला तेजपात म्हणतात. थोडं पुढे झुडपांच्या गर्दीत काटेरी फांद्यांचं तिमूर असतं. त्याच्या पानाच्या देठालाही दोन्ही बाजूंनी पंखासारखी पट्टी असते. बारीक फळ चावलं की जिभेला झिणझिण्या येतात. कोकणात आणि गोव्यात वाढलेला वाचक ती झिणझिण चटकन ओळखेल. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ हे याच कुळातलं, याच प्रजातीतलं भावंड आहे. गावकरी तिमूरच्या काडीने दात घासतात. आणि वाटेच्या कडेला जे पिवळ्या फुलांचं, तीन-तीन काट्यांच्या गुच्छांचं झुडूप बोचतं, त्याला इथे किल्मोडा म्हणतात. मोडलेली काडी दिसली तर आतलं लाकूड पाहा, हळदीसारखं पिवळं असतं. वैद्याच्या दुकानातली दारुहळद ती हीच.

एक झुडूप मात्र नुसतं डोळ्यांनीच ओळखावं. सिसूण. हृदयाच्या आकाराची, दातेरी पानं आणि देठापासून शेंड्यापर्यंत काचेसारखे केस. हा केस टोकाला मोडतो आणि सुईसारखा टोचून आतला दाहक रस कातडीत सोडतो. आपली खाजकुइली वेगळी. ती शेंगवर्गीय वेल आणि तिची कूस शेंगेवर असते. सिसूण मात्र पानाफांदीसकट पेटलेली असते. आणि हीच पानं चिमट्याने खुडून, शिजवून कुमाऊँची बाई त्यांची चविष्ट भाजी करते. उकळलं की डंख जातो.

बुरांश ओळखायला शिकावं लागत नाही, निदान फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. काळ्या-हिरव्या उतारावर लाल गुच्छ पेटलेले असतात. हा उत्तराखंडचा राज्यवृक्ष. फुलं नसताना खरी परीक्षा होते, तेव्हा पुन्हा पान उलटायचं : लांबट पान, पाठ रुपेरी, आणि पानं फांदीच्या टोकाला चक्रासारखी जमलेली. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा अयार असतो, त्याच्याच कुळातला. अयारचं खोड पीळ दिल्यासारखं वळलेलं असतं आणि सालीवरच्या भेगाही त्या पिळाबरोबर तिरप्या जातात. त्याची पानं गुरांना विषारी आहेत. म्हणून चरून उजाड झालेल्या उतारावरही अयार टवटवीत दिसतो, आणि असा टवटवीत अयार पाहून त्या रानात किती गुरं फिरतात, हे समजतं.

मे महिन्यात चालत असाल तर काफळ पिकलेलं असतं. बोराहून लहान, खरबरीत, तांबडं-जांभळं फळ. गर थोडा, आंबटगोड, मीठ लावून खायचं. आणि त्याच दिवसांत झाडीतून चार सुरांची एक हाक दिवसभर येत राहते. पक्षी दिसत नाही, हाक दिसते म्हणावं इतकी स्पष्ट असते. हा इंडियन कक्कू, कोकिळेच्या गोतावळ्यातला. कुमाऊँच्या माणसाला त्यात ‘काफल पाको’ ऐकू येतं, म्हणजे काफळ पिकलं. त्यामागे एक लोककथा आहे. एका गरीब आईने टोपलीभर काफळं आणून ठेवली आणि मुलीला बजावलं की हात लावायचा नाही. उन्हाने फळं सुकून टोपली अर्धी दिसू लागली. आईला वाटलं पोरीने खाल्ली. रागाच्या भरात तिने मारलं आणि मुलगी गेली. संध्याकाळी गारव्याने फळं फुगली, टोपली पुन्हा भरली. आईनेही प्राण सोडला, आणि तेव्हापासून दोघी पक्षी होऊन हाका मारतात. आपल्याकडे पावशा ‘पेर्ते व्हा’ सांगतो. दोन्ही पक्षी एकाच कुटुंबातले, दोन्ही ठिकाणी शेतकऱ्याच्या कानाने त्यांच्या हाकेला हंगामाचा अर्थ दिला. पक्षी लक्षात ठेवण्याचा याहून पक्का मार्ग मला माहीत नाही. हाकेत शब्द ऐका. पुस्तकातले नको, तुमचे स्वतःचे.

आता या प्रकरणातल्या माझ्या सर्वांत आवडत्या विषयाकडे येतो.

बांजाच्या फांदीवर करड्या, सुरकुतलेल्या झालरी लोंबत असतात. नवा माणूस त्यांना बुरशी, रोग किंवा वाळलेली साल समजतो. माझ्याबरोबर चालणाऱ्या वाटाड्याने एकदा तशी एक गळून पडलेली झालर उचलून हातावर ठेवली आणि म्हणाला, ‘दाज्यू, हा झूला. तुमच्या मुंबईकडे जातो.’ वरून राखाडी, खालून कोळशासारखी काळी, कडांना काळे केस. मी नाकाला लावली, वास जवळजवळ नाही. आणि तरीही ती वस्तू मी लहानपणापासून ओळखत होतो. गोड्या मसाल्यातलं दगडफूल. त्याचा सुगंध तेलात परतल्याशिवाय सुटत नाही, म्हणून जंगलात नाक फसतं. नावही फसवं आहे. दगडफूल म्हणतो, पण बाजारात येणारं बरंचसं दगडावरचं नसतं, झाडांच्या सालीवरचं असतं. आणि फूल तर नसतंच.

मग ते आहे काय? शैवाक, म्हणजे लायकेन. एकाच देहात नांदणारी बुरशी आणि शैवाल. बुरशी घर बांधते, ओलावा धरते, उन्हापासून आडोसा देते; आत राहणारं शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने १८६७ साली हे मांडलं, तेव्हा शैवाकांच्या अभ्यासकांनीच त्याला सर्वांत कडवा विरोध केला. त्यांच्यात विल्यम नायलँडर होता, त्या काळचा फार मोठा जाणकार. तो शेवटपर्यंत मानला नाही. पण याच माणसाने १८६६ साली दोन गोष्टी दाखवल्या होत्या, ज्यांवर आजही काम चालतं. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत टिकून असलेली शैवाकं शहराच्या इतर भागांत का नाहीत, याचा विचार करून तो धुरापर्यंत पोचला. आणि पोटॅशचं किंवा ब्लीचचं थेंबभर द्रावण टाकल्यावर शैवाकाचा रंग कसा बदलतो, त्यावरून जाती वेगळ्या ओळखता येतात, हेही त्याने दाखवलं. सारख्या दिसणाऱ्या दोन करड्या चकत्यांपैकी एक पिवळी होते, दुसरी होत नाही. प्रयोगशाळेत आजही ओळखीची पहिली पायरी हीच असते.

शैवाकाला मूळ नाही. त्यामुळे हवेतून आणि पावसातून जे येईल ते सगळं त्याच्या अंगात शिरतं, आणि ते टाकून द्यायला त्याच्याकडे गळणारी पानंही नाहीत. गंधकाचा धूर वाढला की नाजूक जाती आधी मरतात. म्हणून शैवाकांची यादी ही त्या जागेच्या हवेची नोंदवही असते.

जंगलात रसायनं न्यायची गरज नाही. आधी फक्त देहाची घडण पाहा. पहिला प्रकार खडकाला किंवा सालीला रंगाच्या डागासारखा माखलेला. नखाने सुटत नाही. दुसरा पानासारखा पसरलेला, कडा उचलून पाहता येते आणि खालची बाजू वेगळ्या रंगाची दिसते. दगडफूल या गटातलं. तिसरा झुडपी किंवा दाढीसारखा. बिनसरच्या वरच्या धुक्याच्या भागात फांद्यांवरून हिरवट-पिवळी दाढी लोंबते. ती अस्निया आहे की तिच्यासारखं दुसरं काही, हे ठरवायला खाली पडलेला एक ओला धागा दोन्ही टोकांना धरून हळूच ताणा. बाहेरची साल तुटते आणि आत रबरासारखी पांढरी दोरी दिसते. दोरी दिसली तर अस्निया. इतकी साधी आणि इतकी खात्रीची खूण निसर्गात फार कमी वेळा मिळते.

पाण्याची बाटली उपडी करून सालीवर चार थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. करडं शैवाक डोळ्यांदेखत हिरवं होत जातं. वरचा थर ओला होऊन पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. मुलांना हे दाखवावं. ती पुढच्या प्रत्येक झाडापाशी थांबतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शैवाक झाडाचं रक्त पीत नाही. साल त्याला केवळ बसायला लागते. झाडाला खरंच शोषणारा पाहायचा असेल तर बांजाच्या शेंड्याकडे नजर टाका. एखाद्या फांदीला अचानक निराळ्याच घडणीची पानं फुटलेली दिसतील. ते बांडगूळ. त्याचं मूळ झाडाच्या लाकडात घुसलेलं असतं. आपल्या आंब्यावर दिसतं त्याच स्वभावाचं.

भारतातली शैवाकं २,००० हून अधिक जातींची आहेत आणि त्यांची ओळख पटवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, डॉ. पी. जी. पटवर्धन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचं मोठं काम उभं केलं, आणि तिथला नमुन्यांचा संग्रह अभ्यासक वापरतात. लखनौला डी. डी. अवस्थी यांनी असंच आयुष्य यात घातलं. मुनस्यारीला २०२० साली उत्तराखंडच्या वनखात्याने शैवाकांचं उद्यान उघडलं, देशातलं पहिलं. दगडावर आणि फांदीवर जसं वाढतं तसंच तिथे पाहता येतं. बिनसरला जाणाऱ्याने दोन दिवस जास्त काढून तिथे जाऊन यावं.

प्राण्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण ते दिसतात थोडे. दिसतात त्या त्यांच्या खुणा. वाटेच्या मधोमध पिळलेली, केसांनी भरलेली विष्ठा बिबट्याची. इथला गावकरी ‘बाघ’ म्हणाला तर बहुधा बिबट्याच समजावा. त्याच वाटेवर एखाद्या उंच दगडावर काफळाच्या बियांनी भरलेली लहानशी विष्ठा असेल, तर ती चुथरौलची. पिवळ्या गळ्याचा, लांब शेपटीचा हा मार्टेन बहुधा जोडीने हिंडतो. बांजाच्या खोडावर समांतर ओरखडे असले तर काळं अस्वल वर चढलेलं असतं. आणि झाडीतून कुत्र्यासारखं एकेक भुंकणं ऐकू आलं तर कुत्रा शोधू नका. तो काकड, आपलं भेकर. जिम कॉर्बेटने त्याच्या ओरडण्यावरून नरभक्षकांचा माग काढल्याचं वाचलं असेल. ते भुंकणं थांबत नसेल तर तुम्हीही थांबा.

पक्षी मात्र लाटेने येतात. दहा मिनिटं जंगल मुकं असतं आणि मग एकदम दहा-पंधरा छोटे जीव एकाच झाडावर उतरतात. वेगवेगळ्या जातींची ही एकत्र शिकारी टोळी असते. रंग पाहायच्या भानगडीत पडलात तर एकही ओळखू येणार नाही. चाल पाहा. खोडावरून डोकं खाली करून उतरतो तो नटहॅच. बुंध्यापासून गोल गोल वर चढत जातो आणि मग पुढच्या झाडाच्या बुंध्याशी उडी घेतो, तो ट्रीक्रीपर. फांदीच्या अगदी टोकाला उलटं लटकलेले, तांबूस टोपीचे, काळ्या गळ्याचे गोळे म्हणजे टिट. टोळी दोन मिनिटांत पुढे सरकते. तिच्या मागे धावू नका. तुम्ही उभे राहिलात तर बहुतेक वेळा दुसरी येते.

बरोबर काय न्यायचं? दहा पट मोठं दाखवणारं भिंग, दोरीने गळ्यात. एक वही. दुर्बीण असली तर उत्तम. मोबाईलवर फोटोवरून नाव सांगणारी सोय हल्ली मिळते आणि ती उपयोगी आहे. पण तिला पानाच्या वरच्या बाजूचा फोटो दिला तर तीही बांज आणि तिलोंजमध्ये चुकू शकते. पाठ, साल आणि फळ यांचे वेगळे फोटो घ्या. वहीत नावाच्या आधी जागा लिहा : किती उंची, उतार उत्तरेकडचा की दक्षिणेकडचा, कोणत्या झाडावर. नाव चुकलं तर नंतर दुरुस्त करता येतं. जागा लिहिली नाही तर ती नोंद वाया जाते.

अभयारण्यात जिवंत काहीही तोडायचं नाही, खरवडायचंही नाही. पानासारखं शैवाक वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, आणि खडकाला माखलेलं बहुधा एक मिलिमीटरही नाही. तुमच्या तळव्याएवढी चकती तुमच्या आजोबांच्या वयाची असू शकते. या सगळ्या खुणा गळलेल्या पानांवर आणि पडलेल्या फांद्यांवर पाहता येतात, आणि वादळानंतरच्या सकाळी त्यांनी वाट भरलेली असते. पुढच्या वेळी गोडा मसाला करायला बसाल तेव्हा परतण्याआधी दगडफुलाचा एक तुकडा बाजूला काढा, उलटा करा आणि भिंगाखाली धरा. काळी पाठ दिसेल, आणि कडेने उभे असलेले बारीक काळे केसही.